बारकूचा पालक

रविवारी सकाळी चिंतामणी गालाला साबण फासून खिडकीतल्या आरशापुढे उभा होता, तेवढ्यात दारात बारकू आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, माझं पालक व्हता का?"

चिंतामणीला वाटलं, बारकूच्या मोठ्या मुलाचं काही असेल. बारकू नगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. पहाटे लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो लोणावळ्याच्या गल्ल्यांतून हिंडायचा, रस्त्यातली झाकणं उचलून खाली चावी घालायचा आणि पिळायचा, मग त्या आळीच्या नळांना पाणी यायचं. चिंतामणी त्याच खात्यात कारकून. बारकूची मोठी चावी भिंतीला टेकून उभी असायची ती चिंतामणीच्याच टेबलामागे. आज मात्र बारकूच्या हातात चावी नव्हती, शाळेचा छापील अर्ज होता, आणि तो त्याने दोन्ही हातांत असा धरला होता की जणू त्यातून काही सांडेल. "कुणाचं पालक?" चिंतामणीने विचारलं. "माझंच जी. आठवीत बसतोय. मास्तर म्हनत्यात पालक गावातलाच पायजे. माझा बा हाय, पर त्यो वर वाडीवर. हितं माझं कोन हाय तुमच्याबिगर?" आतून सरोजिनी, चिंतामणीची बायको, पदराला हात पुसत आली. बारकूकडे आणि मग नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "अहो, करा की सही. एकुलती एक मुलगी आपल्याला, चला, मुलगाही झाला." बारकू हसला. त्याला तीन मुलं होती आणि कानांवरचे केस पिकायला लागले होते. चिंतामणीने विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं, "म्हणजे निधीचं तुला मिळालं?" "व्हय. परवा तळेगावास्नं गंगाधर मास्तर आलते, त्यांनी सांगितलं." चिंतामणीच्या गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता. त्याने तसाच पेन घेतला आणि 'पालकाची सही' असं लिहिलं होतं तिथे सही केली. त्याला नाही म्हणता आलं नाही इतकंच. नंतर दाढी करताना त्याला दोनदा कापलं.

तळेगावच्या एका डॉक्टरांच्या माघारी त्यांच्या पत्नीने 'गृहस्थ विद्यार्थी निधी' काढला होता. पोराबाळांचा बाप झाल्यावर ज्याला पुन्हा शिकायचं असेल त्याची फी, पुस्तकं आणि घरखर्चाचा काही भार हा निधी उचलणार. वर्षाला एकच माणूस, वय चाळिसाच्या आत. आधी विद्यार्थी आणि मग गृहस्थ हा क्रम शास्त्राने लावून दिला असताना या बाईंनी तो उलटा फिरवला म्हणून बाजारात बरीच थट्टा झाली होती. कोणी म्हणे, आता आजोबांनाही बालवर्गात घ्या. चिंतामणीही कचेरीत त्या थट्टेत हसला होता आणि त्याच दुपारी त्याने टेबलाखाली कागद धरून अर्ज लिहिला होता, इंग्रजीत, चांगला दीड पान. त्याला बी.ए. करायचं होतं. इंटर पास होऊन तो ज्युनिअर बी.ए.च्या वर्गात जेमतेम एक पावसाळा बसला होता, आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याची तार आली. तो लोणावळ्याला आला, नोकरीला चिकटला, लग्न झालं, नीरजा झाली, वडील वारले. ती तार आली तेव्हा प्राध्यापक फळ्यावर एक वाक्य लिहीत होते. ते वाक्य अर्धं असतानाच शिपाई त्याला बोलवायला आला. पुढचे शब्द काय होते ते चिंतामणीला कधीच कळलं नाही. एवढी वर्षं पाणीपट्टीच्या पावत्या फाडताना, सासुरवाडीच्या लग्नांत अक्षता टाकताना, आजारी नीरजाच्या उशाशी बसलेला असताना ते अर्धं वाक्य अधूनमधून त्याच्या मनात यायचं, आणि ते पुरं करायला आपण परत जाऊ असं त्याला खरोखर वाटायचं. कार्तिकात त्याला चाळिशी लागणार होती.

त्याच आठवड्यात गंगाधरपंत त्याला स्टेशनाजवळ भेटले. ते तळेगावचे निवृत्त हेडमास्तर, निधीचा कारभार तेच बघत. छत्री काखेत, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "चिंतामणराव, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "दोन नावं शेवटपर्यंत होती. बाईंचं म्हणणं पडलं, तुम्ही शिकलेले आहात, त्या माणसाला अजून सगळंच शिकायचंय. पण तुमचं नाव त्याच्या खालीच आहे हो. या लोकांचं काही सांगता येत नाही. पहिल्या सहामाहीत तो गळाला किंवा न कळवता त्याने शाळा बुडवली, की उरलेली मदत तुम्हाला. कॉलेजवाले माझ्या ओळखीचे आहेत, उशिरा घेतील." चिंतामणी म्हणाला, "छे छे, मिळाली त्याला हे उत्तमच झालं." गंगाधरपंत खूश झाले आणि गाडीकडे गेले. चिंतामणी तिथेच उभा राहिला. शिकलेले. तो शिकलेला नव्हता, शिकता शिकता थांबवलेला होता. या दोन माणसांत किती अंतर असतं ते त्या बाईंना कोण सांगणार? सातवीनंतर गुरं राखायला गेलेल्या बारकूला शाळा म्हणजे काय ते धड आठवतही नव्हतं. ज्याला चव माहीत नाही त्याची भूक मोठी की घास तोंडाजवळून काढून घेतला त्याची? चिंतामणीने मनातल्या मनात बाईंपुढे असं पुष्कळ भाषण केलं आणि घरी जाऊन मुकाट्याने जेवला.

जून संपता संपता शाळा भरात आली, आणि बारकू योगायोगाने नीरजाच्याच वर्गात होता. त्यामुळे रोज संध्याकाळी चिंतामणीच्या घरात बारकू असायचाच, हजर नसला तरी. आज बारकूकाकांनी गणवेश घातला. आज बारकूकाका शेवटच्या बाकावर बसले तर गुडघे बसेनात, मग सरांनी त्यांना खुर्ची दिली, तर ते म्हणाले खुर्ची नको, पोरं खाली आणि मी वर कसा बसू. आज बारकूकाकांना इंग्रजीचा शब्द आला नाही, सरांनी त्यांना बाकावर उभं केलं, बारकूकाका उभे राहिले आणि डोकं वासाला लागलं. नीरजा हसून हसून सांगायची. सरोजिनीही हसायची. चिंतामणी आमटी ओरपत ऐकायचा आणि त्याला आश्चर्य वाटायचं, की आपल्याला त्या बाकावर उभं राहण्याचाही हेवा वाटतोय. निधीच्या पैशांचा नव्हे, पुस्तकांचाही नव्हे. हजेरीचा. सकाळी कोणीतरी बारकूचं नाव पुकारत होतं आणि बारकू 'हजर' म्हणत होता. चिंतामणी अठरा-एकोणीस वर्षं सहीच्या वहीत सही करत होता, पण त्याला कोणी असं नावाने हाक मारून तू आलास का म्हणून विचारलेलं नव्हतं. कोणी त्याची चूक काढत नव्हतं, त्याचं पाठ झालं नाही म्हणून कोणाला राग येत नव्हता. कारकुनाकडून कोणी कसलीच अपेक्षा करत नाही, आणि ते सुख आहे असं तो आजवर इतरांना सांगत आला होता.

बारकूही काही कमी नव्हता. साधाभोळा वगैरे म्हणतात तसला तर मुळीच नव्हता. त्याने खिशाला पेन लावलं, आणि ते दिसावं म्हणून पावसातही कांबळं पाठीवर टाकून छाती उघडी ठेवायला लागला. कचेरीत येऊन चिंतामणीच्या टेबलावरची एकेक वस्तू उचलून विचारायचा, "भाऊसाहेब, ह्याला इंग्रजीत काय म्हनत्यात?" आणि उत्तर यायच्या आधी स्वतःच सांगायचा. एकदा पाठांतराच्या नादात स्टेशनकडच्या आळीची चावी फिरवायचीच राहिली, बायका हंडे घेऊन कचेरीत आल्या, आणि साहेबांनी बारकूला बोलावलं तर तो म्हणाला, "साहेब, डोक्यात कविता व्हती." साहेब त्यावर हसले. साहेब हसले हे चिंतामणीला लागलं. आपण चुकून एक पावती दुसऱ्याच्या नावे फाडली होती तेव्हा साहेबांना हसू आलं नव्हतं. नवी पुस्तकं बारकू एकदा नीरजाकडे कव्हर घालायला घेऊन आला. त्याच्या बोटांना घड्या घालायचं जमत नव्हतं. पुस्तकं रात्रभर ओट्याजवळच्या फळीवर राहिली. सकाळी सगळी कामात असताना चिंतामणीने भूगोल उघडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. डिंक, शाई आणि कोरा कागद यांचा तो वास डोक्यात गेला आणि क्षणभर त्याला कॉलेजच्या वाचनालयातला थंड दगडी जिना दिसला. मागे पावलं वाजली तसं त्याने पुस्तक ठेवून दिलं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं त्याला ओशाळं वाटलं.

पहिल्या चाचणीनंतर बारकू प्रगतिपुस्तक घेऊन सहीला आला. इंग्रजीत बरा होता, अंकगणितात नापास. चिंतामणी खुर्चीत बसला आणि बारकू समोर उभा राहिला. "हे काय आहे?" चिंतामणीने विचारलं. "अंकगनित जमंना भाऊसाहेब. त्यातले रुपयं माझे न्हाईत, मंग मला मोजायचं मनात येत न्हाई." "मनात येत नाही म्हणजे? लोकांच्या पैशाने शिकतोस तू. लाज वाटली पाहिजे." बारकूने मान खाली घातली. चिंतामणी बराच वेळ बोलला. वडील त्याच्याशी ज्या आवाजात बोलायचे तोच आवाज त्याच्या तोंडून येत होता, आणि त्याला ते आवडत होतं हे त्याला बोलता बोलताच कळलं. सही करून झाल्यावर त्याने खाली शेरा मारला, लक्ष द्यावे. आतल्या खोलीच्या दारात नीरजा उभी होती. बारकू गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझ्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही न बघताच सही करता." चिंतामणीने पेनला टोपण घातलं. अंकगणिताचा तो लाल आकडा मात्र त्या दिवशी झोप लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे होता. गळाला तर, असं गंगाधरपंत म्हणाले होते. गळेल, असं चिंतामणीला वाटलं, आणि अंथरुणात पाय सैल सोडल्यासारखं बरं वाटलं.

जुलैत पावसाने लोणावळा झाकून टाकलं. कपडे वाळेनात, शेगडीवर टोपली पालथी घालून सरोजिनी त्यावर सदरे वाळवायची, सगळ्यांच्या अंगाला कोळशाचा वास. अशा एका संध्याकाळी बारकू आला, पायांत काही नाही, डोक्यावर इरलं. वाडीवर त्याचा म्हातारा, सावळा, बांधावरून घसरून पडला होता आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं. आवणीचे दिवस. वाडीची पद्धत अशी, की भाताची लावणी कोणी एकट्याने करायची नाही. सगळी घरं मिळून एकेकाचं शेत लावत जायची, त्याला सावड म्हणतात, आणि प्रत्येक घरातून एक जोडी हात शेवटच्या शेतापर्यंत पोचलेच पाहिजेत. ज्या घराचे हात आले नाहीत त्याच्या शेतात दुसऱ्या कोणाचे हात येत नाहीत. म्हातारा हिंडता-फिरता होता तोवर बारकूला फिकीर नव्हती. "आता मलाच जावं लागतंय," बारकू म्हणाला. "समद्यांची आवणी उरकंस्तवर खाली येता येनार न्हाई. चावीला माझ्या चुलतभावाला, शिदूला, ठिवलाय. शाळंत पालकाची चिठ्ठी लागती. मास्तर म्हनले, चिठ्ठी असंल तर गैरहजेरी धरत न्हाईत, नसंल तर निधीवाल्यास्नी कळवावं लागतं. तेवढी तुमी द्या, भाऊसाहेब." "देतो की," चिंतामणी म्हणाला. "जा तू. वडिलांना जप." नीरजा कंदिलाची काच पुसत होती. ती म्हणाली, "बारकूकाका, तुमचे धडे मी लिहून ठेवीन." बारकू म्हणाला, "लय उपकार व्हतील, ताई," आणि इरलं डोक्यावर घेऊन अंधारायच्या आत डोंगर चढायला गेला.

चिंतामणीने चिठ्ठी त्याच संध्याकाळी लिहिली. अक्षर सुरेख आलं. माझा पाल्य बारकू, असं लिहिताना तो थोडा हसलाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना तो शाळेवरून गेला, पण हेडमास्तर अजून आले नव्हते आणि पाऊस मरणाचा होता, थांबून काय करणार. हे अगदी खरं होतं. त्यानंतरच्या दिवशी कचेरीत तपासणी होती, तेही खरं. तिसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी आला, वर्ग भरत होते, हजेरीचे आवाज येत होते, आणि त्याचा हात खिशात गेला तसाच राहिला. आज नको, उद्या, असं तो स्वतःशी म्हणाला. त्या 'उद्या'मध्ये काय दडलं होतं ते त्याला तिथल्या तिथे दिसलं आणि त्याने तिकडे न बघायचं ठरवून टाकलं. फाटकापासून कचेरीपर्यंत तो भराभर चालत गेला. पुढे त्याने वाटच बदलली, बाजारातून जायला लागला. कोणी विचारलंच तर तिकडे चिखल कमी आहे असं सांगता आलं असतं, पण विचारतंय कोण. आठवड्याने सरोजिनीने सदरा धुताना खिशातून कागदाचा लगदा काढला आणि म्हणाली, "खिशात काय काय ठेवता हो, सगळ्या कपड्यांना चिकटलं." चिंतामणीने तो लगदा बघितला. दुसरी चिठ्ठी लिहायला पाच ओळींचं काम. त्याने चहा मागितला.

आणि मग फार चांगले दिवस आले. त्यांना चांगले म्हणायची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. चिंतामणीने माळ्यावरची ट्रंक काढली, तर्कशास्त्राचं पुस्तक उन्हाअभावी चुलीजवळ धरून त्याची बुरशी झटकली आणि रोज दोन पानं वाचायला लागला. डोकं चालत होतं. डोकं चालतंय म्हणून त्याला भूक लागायला लागली. सरोजिनी म्हणाली, "हल्ली खुशीत आहात." तो म्हणाला, "समज, मी पुण्याला शिकायला गेलो तर?" ती पोळी लाटत म्हणाली, "जा की. मी काय धरून ठेवलंय?" आणि मग लाटणं थांबवून, "खरंच मिळणार आहे का काही?" तिच्या आवाजात इतकी आशा होती की चिंतामणी चमकला. आपलं शिकायचं राहिलं त्याचं तिला काय वाटतं, हे इतक्या वर्षांत एकदाही त्याने विचारलं नव्हतं आणि तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. कचेरीच्या कामाने पुण्याला जायचा योग आला तेव्हा काम आटपून तो कॉलेजात गेला. झाडं तीच, फक्त जाड झालेली. एका वर्गाच्या खिडकीखाली तो उभा राहिला. आत प्राध्यापक काही बोलले, मुलं हसली, आणि बाहेर भिंतीला टेकून चिंतामणीही हसला, काय बोलले ते नीट ऐकू आलेलं नसताना. शिपायाने येऊन विचारलं, "कोण पाहिजे?" "कोणी नाही," तो म्हणाला. परतीच्या गाडीत वडगावच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली. वाकलेल्या माणसांच्या रांगा, डोक्यांवर इरली, चेहरे दिसत नव्हते. त्यातला प्रत्येक जण बारकू असू शकत होता. चिंतामणीने खिडकीची झडप खाली ओढली. तिथे कंबर मोडत होती बारकूची, वर्गाबाहेर पडत होता बारकू, तरी हेवा कमी होत नव्हता. उलट वाटत होतं, या माणसाला बघा, याला वाडीही आहे. हा पडला तरी धरायला इतके हात. मला तार आली तेव्हा माझ्या शेतात कोण उतरलं होतं?

एकदा नीरजाने जेवताना विचारलं होतं, "बाबा, चिठ्ठी दिलीत ना?" तेव्हा त्याने घास तोंडात असताना "हं" म्हटलं होतं. ते खोटं म्हणावं असं वाटलं नव्हतं, तो नुसता आवाज होता. पण बाजाराच्या दिवशी बारकूची बायको पुतळाबाई दारात आली. डोंगर उतरून आलेली, लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल, टोपलीत भारंगीचा पाला. एक मोठी जुडी तिने सरोजिनीपुढे ठेवली आणि पैसे घेईना. "मालकांनी दिलीया," ती म्हणाली. मग चिंतामणीकडे वळून, नजर खाली ठेवून, "भाऊसाहेब, त्यांनी इचारलंय, चिठ्ठी पोचली का? रातच्याला झोपंत बी चिठ्ठी चिठ्ठी करत्यात. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. म्या म्हनलं, भाऊसाहेब बघत्यात, तुमी रोपाकडं बघा." सरोजिनी जुडी सोडत होती. चिंतामणी म्हणाला, "दिली म्हणावं. काळजी करू नका." पुतळाबाईने टोपली उचलली. "मंग लय बरं झालं," ती म्हणाली. "त्यांचं शिकनं म्हंजी आमाला कायतरी येगळंच वाटतंय. पोरं बापाशेजारी बसून पाटी घासत्यात आता. आदी घासत नव्हती." ती गेली. भारंगीची भाजी कडसर झाली होती, चिंतामणीने दोनदा वाढून घेतली, कारण न खाण्याला काही कारण सांगावं लागलं असतं.

गंगाधरपंत आले ते रविवारी दुपारी. छत्री दाराशी गळायला ठेवली, पाटावर बसले, सरोजिनीने चहा टाकला. नीरजा खिडकीत वही घेऊन बसली होती. गंगाधरपंतांनी धोतराचा ओला सोगा पिळला आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आणून म्हणाले, "चिंतामणराव, तुमचं काम होतंय असं दिसतं. त्या माणसाने बरेच दिवस शाळेत तोंड दाखवलेलं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. शाळेचं पत्र आलं मला. मी म्हटलंच होतं." चिंतामणीने चहा झाला का म्हणून आत विचारलं. "आता एक रीत म्हणून विचारायचं," गंगाधरपंत म्हणाले. "पालक तुम्ही. तो तुम्हाला काही सांगून गेला होता का? नाही म्हणालात, की उद्याच बाईंच्या कानावर घालतो. याच आठवड्यात पुण्याला नाव घालून टाका. तुमची चाळिशी उंबऱ्यावर आलीय, पुढच्या वर्षी मला काही करता यायचं नाही."

नाही. एक शब्द. तो चिंतामणीच्या जिभेवर आला होता, त्याची चवसुद्धा लागली होती. तेवढ्यात खिडकीत नीरजाची लेखणी थांबली. नुसती थांबली. तिने मान वर केली नाही. कागदावर होत असलेला तो बारीक आवाज बंद झाला आणि खोलीत पाऊस तेवढा राहिला. आतून सरोजिनीच्याही कपबशा वाजेनाशा झाल्या. चिंतामणीला पुण्याची ती खिडकी दिसली, हसणारी मुलं दिसली, फळ्यावरचं अर्धं वाक्य दिसलं आणि ते पुरं करायला उचललेला हात दिसला. त्याला पुतळाबाईची खाली घातलेली नजरही दिसली, पण पुढे तो जे बोलला ते काही तिची दया आली म्हणून नव्हे, दया त्याला मुळीच आली नव्हती. तो म्हणाला, "सांगून गेला होता. त्याचे वडील पडलेत, आवणीला गेलाय. चिठ्ठी मी द्यायची होती. मी विसरलो."

गंगाधरपंतांनी त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेला माणूस तो, जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं. उद्या सकाळी हेडमास्तरांना लेखी द्या." चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला, पावसाविषयी बोलले, तळेगावच्या आंब्यांविषयी बोलले, आणि छत्री घेऊन गेले. झालं. इतक्या दिवसांत जे जमत आलं होतं ते एका वाक्यात संपलं. सरोजिनी बाहेर आली, तिने नवऱ्याच्या समोरची न प्यालेली कपबशी उचलली आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी थोडा वेळ. त्यामुळे त्याला जास्तच राग आला. काही चांगलं केल्यासारखं वाटेल म्हणतात, तसलं काही वाटत नव्हतं. वर डोंगरात तो माणूस चिखलात उभा होता, आपण वाचलो हे त्याला माहीतही नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. न कळता वाचण्याचाही चिंतामणीला हेवा वाटला.

"बाबा," नीरजा म्हणाली, "तुम्ही तर कधीच काही विसरत नाही." ती चिडून बोलली नव्हती. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं, तसं काहीतरी माहीत असलेलं सांगितल्यासारखं ती बोलली. मग तिने वहीचं पान उलटलं आणि ती म्हणाली, "बारकूकाकांचे धडे उतरवायचे राहिलेत. माझे लिहून त्यांचेही लिहायचे, हात दुखतो माझा. तुम्ही लिहाल का? मी सांगते." त्याने मान हलवली. ती कोरी वही घेऊन आली. तो जमिनीवर मांडी घालून बसला, ती खिडकीत, त्याच्यापेक्षा वर. "समास सोडा," ती म्हणाली. त्याने सोडला. "आधी वर धड्याचं नाव. त्याच्याखाली रेघ. पट्टीने मारा बाबा, हाताने नाही." त्याने पट्टी घेतली. ती इतिहासाचा धडा सांगायला लागली, सरांच्या चालीवर, मध्येच थांबत, प्रश्न विचारत, त्याच्या उत्तराची वाट न बघता पुढे जात. एक शब्द त्याने गाळला. ती खाली वाकून म्हणाली, "चुकलं. लक्ष कुठाय?" चिंतामणीच्या कानशिलाशी ऊन लागल्यासारखं गरम झालं. त्याने तो शब्द घातला. त्याला माहीत असलेलाच इतिहास होता, पण तो नव्याने ऐकत होता, चूक होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून लिहीत होता, आणि सबंध दुपारभर त्याला पाऊस ऐकू आला नाही. बोटांना शाई लागली. धडा संपला तेव्हा संपू नये असं त्याला वाटलं.

"आता पहिल्या पानावर नाव आणि इयत्ता," नीरजा म्हणाली.

त्याने पान उलटलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, चिंतामणी. पुढे इयत्ता लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. नीरजा वाकून बघत होती. तिचा चेहरा जवळ आला होता, तिच्या वेणीला तेलाचा वास होता. ती अगदी हळू, वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, नाव त्यांचं घालायचं."

चिंतामणीने ते खोडलं नाही. त्याने वही बाजूला ठेवली, दुसरी कोरी वही मागितली, तिच्यावर बारकूचं नाव घातलं, समास सोडला, आणि धडा पहिल्यापासून लिहायला घेतला.